शेवटचे नऊ दिवस पायी

दोन वर्षांची धर्मसेवा संपायला नऊ दिवस उरले असताना एल्डर, म्हणजे प्रचारक, ट्युलरने आपली सायकल देऊन टाकली. आता याला काय म्हणावं? चर्चमध्ये नव्याने येऊ लागलेल्या एका वेल्डरला ती हवी होती, आणि ट्युलरचं मन तर महिन्याभरापूर्वीच घरी पोचलं होतं. बॅगही भरून दाराशी उभी होती.

पण मॉर्मन प्रचारकांनी जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, असा नियम. ट्युलर पायी, म्हणून त्याचा जोडीदार क्वोही पायी. तैवानमधल्या ताइनान शहराच्या भर उन्हात तो आपली सायकल ढकलत चालला होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"नऊ दिवस थांबला असतास तर पुण्य आटलं असतं का तुझं?"

"आमच्या आयडाहोत तर सायकल..."

"घराचं नाव काढलंस. मार वीस जोर."

हा त्यांचा ठरलेला दंड. ट्युलरने फुटपाथवरच जोर मारले. हसतही होता, पण डोक्यात बाप होता. तिकडे अमेरिकेत बापाची बटाट्याची शेती. काढणी संपली की बाप एकच विचारायचा, "शेवटच्या सरीपर्यंत उकरलंस ना?" विमानतळावरही तेच विचारणार, आणि बापाशी खोटं बोलणं ट्युलरला कधी जमलं नव्हतं. गेला महिनाभर त्याने नुसते दिवस ढकलले होते.

देवळामागच्या गल्लीत चियू आजी दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. पाच महिने रोज सायकलवरून जाताना तो त्यांना हाक मारायचा. आजही मारली.

"आज सापडलास," आजी म्हणाल्या. "रोज हाक मारतोस आणि मी तोंड उघडेपर्यंत कोपऱ्यावर पोचतोस. तुझ्या पाठीशी किती बोलायचं मी?"

ट्युलरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई एकटी असेल त्या घरात जायचं नाही, म्हणून दोघे दारातच स्टुलांवर टेकले. यांच्या धर्मात चहा चालत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. आजींनी कोहळ्याचं सरबत दिलं.

"तुमच्यात म्हणे नवरा-बायको मेल्यावर पुन्हा भेटतात?"

हे ट्युलरने हजारदा पोपटासारखं सांगितलं होतं. आज कुणीतरी खरंच विचारत होतं. "माझा तसा विश्वास आहे, आजी."

"आमचे हे गेले त्याला सहा महिने झाले. त्यानंतर मी सगळे दात काढून घेतले. ओळखतील का रे मला?"

ट्युलरला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "ओळखतील," तो म्हणाला.

मग ते रोज तिथे जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना पायी हिंडताना पाहून वेल्डर ओशाळून सायकल परत घेऊन आला.

"राहू दे तुझ्याकडे," ट्युलर म्हणाला. "पायीच बरं."

"माझ्या पायांना विचारलंस का?" क्वो म्हणाला.

जायच्या आदल्या दिवशी ट्युलरने चर्चमध्ये सामील होण्याविषयी विचारलं. आजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "रविवारी येऊन गाणी ऐकेन. कंटाळा आला तर उठून जाईन." मग क्वोकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, या गल्लीत सायकलवरून उतरून चालत जायचं."

विमानतळावर बापाने मिठी मारली आणि विचारलंच. "शेवटच्या सरीपर्यंत?"

"मधल्या काही राहिल्या," ट्युलर म्हणाला. "शेवटची मात्र उकरली."

बोलून टाकलं आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. बापाने बॅग उचलली.

"मधल्या सगळ्यांच्याच राहतात," तो म्हणाला. "चल, आई गाडीत वाट बघतेय."