सगळ्यांच्या तोंडी एकच आई

टॉड विटमरला गरीब पोरं मनापासून आवडत. का आवडू नयेत? गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजातच काम द्यायचं आणि पगाराचा मोठा वाटा सरकारने भरायचा, अशी ती योजना. टॉडच्या देणगी विभागाला पोरं जवळजवळ फुकटातच पडत. त्यांना एका खोलीत ओळीने बसवायचं, कानाला फोन लावायचे आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून देणग्या मागायला लावायच्या. कोणी देणगी कबूल केली की पोराने उठून पितळी घंटा वाजवायची आणि बरणीतलं एक चॉकलेट घ्यायचं. विशीतल्या घोड्यांना चॉकलेट! लोरीन स्टिडमला त्या घंटेची पहिल्या दिवसापासून शिसारी येई.

पण काम हवंच होतं. ते नसतं तर तिला कॉलेज सोडून केंटकीच्या डोंगरात परत जावं लागलं असतं आणि आईसारख्या वृद्धाश्रमात चादरी बदलाव्या लागल्या असत्या. म्हणून मुलाखतीत टॉडने मान कलती करून, अगदी पाद्र्याच्या आवाजात, "तुला या कामाची गरज का आहे गं?" असं विचारलं, तेव्हा ती बोलून बसली. वडील गेल्यावर घर सुटलं होतं आणि एक अख्खा हिवाळा ती आणि आई चर्चच्या मागे गाडीत झोपल्या होत्या. हे कुणालाही, अगदी मावशीलासुद्धा सांगायचं नाही, अशी आईने तिला शपथ घातली होती. ऐकताना टॉडचे डोळे भरून आले. लोरीनला वाटलं, माणूस भला आहे.

भला कसला डोंबलाचा! पुढच्याच महिन्यात शेजारच्या खुर्चीवरचा हूपर फोनवर म्हणत होता, "काय सांगू बाई, एक अख्खा हिवाळा मी आणि आई गाडीत झोपलो, चर्चच्या मागे..." त्याने फोन ठेवताच लोरीनने त्याच्या पुढ्यातला कागद ओढला. फोनवर काय बोलायचं ते टॉड सगळ्यांना छापून देई. नव्या कागदावर मधोमध तिची आई होती.

"हे तुझं आहे?" हूपर ओशाळला. "मला वाटलं टॉडनेच रचलंय. मी माझं सांगितलं होतं ना त्याला, आमचा गोठा गुरांसकट जळाला ते. तर म्हणतो, गुरांसाठी कोणी पाकीट काढत नाही."

लोरीन तडक टॉडकडे गेली. तो खुर्चीत रेलून दही खात होता.

"टॉड, ती माझ्या आईची गोष्ट आहे. काढून टाका."

"अगं, नाव कुठे घातलंय तिचं? आणि चालतेय किती बघ! तुझ्या आईला अभिमान वाटेल."

"तिला हे कळता कामा नये."

"मग नाही कळणार," चमचा चाटत टॉड म्हणाला.

कागद तसाच राहिला. लोरीन तेवढा भाग गाळून फोन करू लागली. तिची घंटा क्वचितच वाजे आणि टॉड तिच्या खुर्चीमागे घुटमळत राही.

ऑक्टोबरात पालकांनी कॉलेज बघायला यायचा शनिवार आला. लोरीनची आई, ओपल, रात्रपाळी उरकून, डोळ्याला डोळा न लावता आली. अंगात चर्चला जायचा निळा झगा, हातात सफरचंद भरलेला थरांचा केक. लोरीनने तिला फोनची खोली सोडून सगळं दाखवलं. पण ओपल ऐकतेय थोडीच!

"जिथे तू कमावतेस ती जागा नको होय बघायला?"

टॉड हात पसरूनच पुढे आला. "या, या! गाडीत हिवाळा काढणारी आई ती हीच! मिसेस स्टिडम, तुम्ही आमचा केवढा मोठा आधार आहात, तुम्हाला कल्पना नाही."

ओपलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने केक टेबलावर ठेवला आणि ताठ उभी राहिली.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, साहेब. आम्ही कधी गाडीत राहिलो नाही. आमचं घर होतं."

टॉड लोरीनकडे वळला. गोष्ट खरी म्हणावी तर आई भर खोलीत खोटी पडणार, आणि खोटी म्हणावी तर काम गेलं.

"मी बनवून सांगितलं होतं," ती म्हणाली. "काम मिळावं म्हणून."

टॉड चक्क हसला.

"वेडी कुठली! खोटी असली म्हणून काय बिघडलं? देणग्या खऱ्या येतायत ना? राहू दे कागदावर. आणि आता सोमवारपासून तूही वाचायची, नाहीतर दुसरं काम शोध." मग ओपलचा खांदा थोपटत म्हणाला, "पोरगी बेरकी आहे हो तुमची." आणि त्याच हाताने केकचा तुकडा मोडून त्याने तोंडात टाकला.

कोपऱ्यात एक नवी मुलगी फोनवर तोच कागद वाचत चर्चमागच्या थंडीपर्यंत आली होती. ओपलने ते शेवटपर्यंत ऐकलं. घंटा वाजली, खोलीने टाळ्या वाजवल्या, मग ओपल बाहेर पडली.

"आई, मी हे काम सोडतेय," पाठोपाठ धावत लोरीन म्हणाली. "आत्ता जाऊन तोंडावर सांगते त्याच्या."

"सोडून तर बघ, तंगडं मोडीन." ओपलचा आवाज कापत होता. "त्या वृद्धाश्रमात तुला पाऊल ठेवू देणार नाही मी. तू वाचलंयस ते कधी फोनवर?"

"एकदाही नाही."

ओपलने तिच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि बराच वेळ हात तिथून काढलाच नाही.

"मग सोमवारी वाच," ती म्हणाली. "रडायचं मात्र नाही. रडलीस तर तो ते पण कागदावर घालेल."