बंदूक नसलेलं विमान

माझी भाची जुईली हवाई दलात मालवाहू विमान चालवते. तिच्यासाठी सौरभचं स्थळ मीच आणलं. मुलगा माण गावातल्या आयटी कंपनीत, आई साधनाताई अंबाजोगाईच्या. फोनवर त्यांनी एकच शंका काढली होती, हिला लढाईत जावं लागतं का. मी ठोकून दिलं, छे हो, ती नुसतं सामान पोचवते, लढाई करणारे वेगळे.

रविवारी मंडळी भुकूमला आमच्या घरी आली. जुईलीला मी आधीच बजावलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची, विचारतील तेवढंच बोल. तिने लगेच मान डोलावली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, कारण ही मुलगी इतक्या सहजासहजी कुणाचं ऐकत नाही.

शिऱ्याच्या बशा हातात आल्या तशा साधनाताई म्हणाल्या, की लढाऊ विमान नाही ते बरं झालं, जिवाला घोर नाही. मी "हो ना" म्हणणार तोच जुईलीने बशी खाली ठेवली.

"काकू, उलट आहे," ती म्हणाली. "लढाऊ विमानाजवळ शस्त्रं असतात, त्याला पळताही येतं. माझं विमान अवाढव्य आणि हळू. एकही बंदूक नाही. शत्रूचं विमान मागे लागलं, तर मला उलटून मारता येत नाही."

मी डोळे वटारले. तिने बघितलंच नाही. मग तुम्ही करता काय, असं साधनाताईंनी विचारलं, तेव्हा तिने खिडकीतून समोरचा डोंगर दाखवला. आपली लढाऊ विमानं राखणीला असतात. ती नसली तर अशाच डोंगरांच्या आडोशाने, दरीतून खालून जायचं. विमानात जवान असतात, औषधं असतात, पुढे कुणीतरी वाट बघत असतं. हे सगळं ती एसटीची वेळ सांगावी तसं सांगत होती. स्थळ हातचं गेलं म्हणून मला तिचा राग येत होता, आणि तरी ऊर भरून आला. झुरळ दिसलं की पलंगावर चढून बसणारी ही पोर!

साधनाताईंनी पदर सावरला. आता "निघतो आम्ही" म्हणणार, असं मी धरून चालले. त्या लेकाकडे वळल्या.

"हिला झेपतंय, ते दिसलं मला," त्या म्हणाल्या. "तुझं काय? ही वर असेल, फोन लागणार नाही, तेव्हा तुला झेपेल?"

मुलगी बघायला येऊन मुलाचीच परीक्षा झालेली मी पहिल्यांदा पाहिली. सौरभने बशीतला शिरा उगाच चमच्याने इकडून तिकडे केला. माझ्यासारखी ठोकून द्यायची सवय त्याला नसावी.

"भीती वाटेल," तो शेवटी म्हणाला. "पण जाऊ नकोस, असं नाही म्हणणार."

जुईलीने खाली ठेवलेली बशी उचलली. शिरा पार गार झाला होता, तरी तिने सगळा संपवला.