बदकांच्या खोळीतला डेस्कटॉप

मित्रांनो, मी एक जुना डेस्कटॉप आहे. मला पाय नाहीत, कुणाच्या मांडीवर बसायची सवय नाही आणि माझं शेपूट कायम भिंतीतल्या प्लगात अडकलेलं असतं. त्यामुळे ही गोष्ट म्हणजे काही प्रवासवर्णन नाही. बाहेरच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा, एवढंच माझं जग. आजवर मी एकदाच घराबाहेर पडलो, आणि सांगण्यासारखं जे काही घडलं ते नेमकं त्याच दिवशी.

माझा जन्म एका छोट्या दुकानात झाला. पंखा एका खोक्यातून आला, मेमरी दुसऱ्यातून, आणि डबा तर कुणीतरी परत केलेला होता. दुकानदारकाकांनी सगळं जुळवून स्क्रू पिळले आणि म्हणाले, "घ्या, जन्मभर पुरेल." दुकानदार असं सगळ्यांनाच म्हणतात. पण आमच्या घरच्या बाबांना ते खरं वाटलं आणि त्यांनी मला रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. (हा प्रवास मी धरत नाही, तेव्हा मी खोक्यात होतो.)

घरात माणसं तीन. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई भरतकामाची नक्षी काढते. ती माझ्या पडद्यावर फुलं, वेली, पक्षी काढते, मग कारखान्यातली यंत्रं तेच कापडावर उतरवतात. एक टाका चुकला तर हजार कापडांवर तीच चूक उमटते, म्हणून आई टाका न् टाका मोठा करून बघते. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, मुंगी. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती रस्त्यावरून स्वतःला उचलवणार नाहीत असे दगड ओढत घरी आणायची, म्हणून मुंगी. ते दगड ठेवायला तिनं जागा कुठली निवडली? माझं डोकं. वर्षानुवर्षं मी डोक्यावर दगडांची रांग घेऊन काम केलं. तक्रार केली नाही, कारण मला तक्रार करता येत नाही.

ती माझी चलतीची वर्षं. आई पाहुण्यांना सांगायची, "माझा उजवा हात आहे हा!" बाबा दर दोन-तीन महिन्यांनी माझं झाकण काढून सायकलच्या पंपानं फुस्सफुस्स हवा मारायचे. धुळीचा लोट उठायचा, बाबा शिंकायचे, आई ओरडायची, "अहो, बाहेर नेऊन करा ना!" आणि बाबा म्हणायचे, "अगं, झालंच!" ते कधीच झालेलं नसायचं. मला मात्र त्यानंतर आठवडाभर अगदी मोकळं वाटायचं.

मग एकदा भिंतींना रंग द्यायला माणसं आली. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून आईनं मला एक खोळ शिवली. जाड कापडाची, आतून अस्तर, वर पिवळ्या बदकांची रांग. रंगारी गेले, खोळ राहिली. इतकी सुरेख झाली होती की ती काढायचं सगळ्यांच्याच जिवावर येई. पुढे बटणापुरती फट ठेवली की झालं! बाबांनीही पंप खिळ्याला टांगला. "झाकलेलंच आहे, आता धूळ कुठून जाणार?" आईच्या टेबलावरचे धाग्यांचे तुकडे, कापडाची तूस, सगळं खालून आत येत राहिलं. बाहेर जायला मात्र वाट उरली नाही. मी तापू लागलो. आधी कुरकुरलो, मग सावकाश चालू लागलो, आणि शेवटी कामाच्या मध्येच बंद पडू लागलो.

"म्हातारा झाला," बाबा म्हणाले.

नेमकं त्याच सुमारास मुंगीला लांबच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे डोंगर, खाणी, खडक शिकवतात. तिनं लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं. दुसरा प्रवेश घरामागच्या गल्लीतल्या कॉलेजात मिळत होता. तिथे खडक नव्हते, पण जेवायला घरी येता आलं असतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि घरात नवा कॉम्प्युटर येणार होता एकच.

मग काय, रोज जेवताना तोच विषय! आईचं म्हणणं डेस्कटॉपच हवा. पडदा मोठा, मान दुखत नाही, चहा सांडला तर कीबोर्ड बदलला की काम भागतं, एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढता येतो. मुंगीचं म्हणणं लॅपटॉप. कुठेही नेता येतो, वीज गेली तरी चालतो, जागा अडवत नाही.

"नेता येतो, नेता येतो! कुठे नेणार आहेस गं?" आई म्हणायची.

मुंगी ताटाकडे बघायची. बाबा म्हणायचे, "दोघींचंही बरोबर आहे." मग दोघीही त्यांच्यावर उखडायच्या.

मित्रांनो, मला तेव्हा वाटायचं की आई माझ्या जातभाईंची बाजू घेते आहे. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगली होती. पण एवढी चर्चा चालली असताना मुंगीच्या कॉलेजचं नाव कुणीही काढत नव्हतं, हे मला जरा उशिरानंच जाणवलं. डेस्कटॉप आला तर मुंगी राहणार होती. लॅपटॉप आला तर जाणार होती. भांडण तेवढंच होतं, आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

शनिवारी बाबांनी खोळ काढून मला उचललं आणि तिघं मिळून मला त्याच जुन्या दुकानात घेऊन गेले. ह्याच्यातलं काही नव्या डेस्कटॉपात लावता येतं का, ते आईला विचारायचं होतं. पडदा आणि त्यावरचा कॅमेरा घरीच राहिला. म्हणजे डोळे घरी आणि कान दुकानात! त्या दिवशी मला दिसलं काहीच नाही, पण ऐकलं सगळं.

दुकानदारकाकांनी माझं झाकण उघडलं आणि म्हणाले, "अरे बापरे!"

त्यांनी माझ्या पोटातून धाग्यांचा बोळाच्या बोळा ओढून काढला. "झाकून ठेवता का ह्याला?"

"ठेवतो ना!" बाबा कौतुकानं म्हणाले. "मस्त खोळ आहे. हिनंच शिवलीय. बदकं आहेत तिच्यावर."

"चालू असतानाही?"

आई हळूच म्हणाली, "धूळ बसू नये म्हणून घालत होते."

"वहिनी, तुम्ही मायेनं घातलीत, पण जीव गुदमरला हो बिचाऱ्याचा. ह्याला बाकी काहीही झालेलं नाही." काकांनी ब्रश फिरवला, हवा मारली आणि मला चालू केलं. माझा पंखा असा गरगरला की माझा मलाच विश्वास बसेना. "बघा! अजून कितीतरी वर्षं काढेल."

"म्हणजे नवीन काही घ्यायलाच नको?" बाबा म्हणाले. "वा! सुटलो!"

मुंगी म्हणाली, "बरं झालं." आवाज अगदी बारीक होता. "जवळच्या कॉलेजला जायचं तर मला वेगळा लागणारच नाही. घरचा आहेच."

आईला हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. नुसतं 'चला' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिचा हात माझ्या उघड्या पाठीवर होता. तो बराच वेळ तिथून हलला नाही. मी एव्हाना गार झालो होतो, तो हात गरम होता.

"भाऊ," ती दुकानदारकाकांना म्हणाली, "एक लॅपटॉप दाखवा. वजनाला हलका बघा. डोंगर चढायचेत त्याला."

"आई! अगं, तू तर डेस्कटॉपच म्हणत होतीस ना?"

"आहे की माझा डेस्कटॉप. तो राहील घरी. तू जा. मला भीती वाटत होती गं. तू गेलीस की घर खायला उठेल, म्हणून मान दुखते न् पडदा लहान पडतो, असलं काहीबाही बोलत बसले मी. सोमवारची वाट बघू नकोस. आजच कळव त्यांना."

मुंगी रडली. बाबाही रडले, पण त्यांनी तो सगळा दोष माझ्यातून उडालेल्या धुळीला दिला.

मी घरी आलो. शेजारी नवा लॅपटॉप आठवडाभर राहिला. चपटा, गुळगुळीत, अबोल. आमचं काही वैर नाही. त्याला जायचं होतं, मला राहायचं होतं, दोघांनाही आपापलं काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी आईनं माझी बदकांची खोळ उसवली, बेतून कापली आणि त्या लॅपटॉपसाठी तिची पिशवी शिवली. अस्तर तेच, बदकं तीच.

आता माझ्या डोक्यावर खोळ नाही. दगड आहेत, तेही मागच्या जाळीवर येणार नाहीत असे सरकवून ठेवलेले. पंप खिळ्यावरून उतरला आहे आणि बाबा पुन्हा शिंकतात. संध्याकाळी माझ्या मोठ्या पडद्यावर मुंगी येते, कुठल्यातरी डोंगराचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरते आणि त्याचं लांबलचक नाव सांगते. आईला ते नाव कधीच लक्षात राहत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी डेस्कटॉप असो की लॅपटॉप, माझी विनंती दोघांसाठीही एकच. आम्हाला जपा, अधूनमधून धूळ झटका, नाजूक वाटलो तर झाकूनही ठेवा. पण काम करायला बसवाल तेव्हा तेवढी हवा खेळू द्या.

आई हे आता विसरत नाही. मुंगीचा चेहरा पडद्यावर दिसला की जेवलीस का, झोपलीस का, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "पिशवीतून बाहेर काढलायस ना गं त्याला?"

आणि मुंगी रिकामी पिशवी वर धरून बदकं दाखवते.