सांधा सुटतो कसा

मानाजी पहिल्यांदा घरी आला तेव्हा एकोजीरावांनी आधी त्याच्या चपला पाहिल्या. कोऱ्या होत्या. रविवारी सकाळी लाकूडकामाला येणारा माणूस कोऱ्या चपला घालून कशाला येईल, असं त्यांच्या मनात आलं आणि ते मनातून गेलंच नाही.

एकोजीराव दस्त नोंदणीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्यामुळे कुठलीच गोष्ट एकदा पाहून त्यांना पटत नसे. घराणं तंजावरचं, पण ट्रिप्लिकेनमधल्या या घरात त्यांचे वडीलही राहिले होते. पत्नी राजसबाई गेल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी भवानी, अशी दोघंच. भवानी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायची. तिशी ओलांडली होती. स्थळं आली नव्हती असं नाही. एकाच्या वयात घोळ होता, एक जण फार गोड बोलायचा, एकाचा काका वेडसर निघाला. हे सगळं एकोजीरावांनीच शोधून काढलं होतं.

स्पीकरच्या पेटीची कल्पना भवानीची. रेडिओचा आवाज किरटा यायचा आणि गाण्याची कचेरी ऐकताना अप्पा कान अगदी जाळीला लावून बसायचे. शाळेतला लाउडस्पीकर दुरुस्त करायला गिंडीच्या एका कारखान्यातून मानाजी आला होता. त्याला तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मोठा स्पीकर घ्या, पण जाड फळ्यांच्या बंद पेटीत बसवा, मग भरदार वाजेल. फळ्या कापून मिळतील, जोडायला मी येतो.

"हा सुम्माच येणार?" एकोजीरावांनी विचारलं. "काही घेतल्याशिवाय?"

"शिकवणार आहेत मला, अप्पा. जोडायची मीच आहे."

जॉर्ज टाउनमधून प्लायवूड आणलं. मागच्या पडवीत काम सुरू झालं. मानाजी साताऱ्याकडचा, चाळिशीच्या आत-बाहेरचा. त्याची मराठी एकोजीरावांना दोनदा ऐकावी लागे. तो फळी म्हणे, हे तमिळ वळणाने पलगै म्हणत. तो हसला नाही, उलट पुढच्या खेपेपासून तोही पलगै म्हणू लागला. हेही एकोजीरावांना खटकलं. इतक्या लवकर आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं.

पेपर समोर धरून ते पडवीच्या दारात बसत आणि सगळं बघत. आधी दोन बाजू, वरची फळी आणि खालची, अशी चौकट नुसती उभी करायची. चारी कोपऱ्यांना गुण्या लावून बघायचा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्हीकडे सारखी भरली तर चौकट काटकोनात. भरली नाही, तर लांब पडणाऱ्या कोपऱ्यांवर हळूच दाब द्यायचा.

"एक सूत फरक राहिला तरी पुढची फळी बसायची नाही," मानाजी भवानीला सांगायचा. "आणि बसवलीच दाबून, तर कुठंतरी फट राहणार. फटीतून वारा सुटला की पेटी घरघरते."

मग अंगणातल्या शेगडीवर सरस पातळ करायचा. त्याचा वास घरभर व्हायचा. भवानी ब्रशने कडांना सरस लावी, मानाजी फळी धरी, आणि भोवती दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ देत. सरस वाळला की पुढच्या रविवारी आतून कोपऱ्यात पट्ट्या आणि स्क्रू, असं ठरलं होतं. आधीच स्क्रू पिळले तर ओल्या सरसावर फळी सरकते, असं मानाजीचं म्हणणं.

पुढच्या रविवारी पाहिलं तर डाव्या बाजूचा खालचा सांधा सुटलेला. मानाजीने बोट फिरवलं, मग म्हणाला, "समुद्राची हवा. सरस धरत नाही." पुन्हा खरवडलं, पुन्हा जोडलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

एकोजीरावांना आता शंका उरली नव्हती. हा लबाड मुद्दाम सरस जास्तच पातळ करतो. पेटी झाली नाही म्हणजे येता येतं. येतो म्हणजे चहा होतो, जेवायला थांबतो, भवानी शेंगांची आमटी करते.

त्यांनी भवानीला छेडलं. "गिंडीत अस्के लोक असेच काम करतात कां? महिना झाला, एक पेटी होत नाही."

"लाकूड आहे, अप्पा. हलणारच." ती वह्या तपासत होती. मान वर केली नाही.

त्या रविवारी मानाजी गेल्यावर एकोजीरावांनी स्वतः सुतळी घेतली. दोन्हीकडे सारखी भरली. सोमवारी पाहिलं, सांधा घट्ट. मंगळवारीही. नखाने टोकरलं, सरस दगडासारखा झाला होता. म्हणजे माणसाचं काम चोख होतं. मग सांधा सुटतो कसा?

बुधवारी ते नेहमीप्रमाणे संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेले. बरोबर बसणारे गृहस्थ आले नाहीत म्हणून लवकर परतले. पुढचं दार आतून बंद होतं, ते बोळातून मागे वळले. पडवीत भवानी उकिडवी बसली होती. किटलीतून ती सांध्यावर गरम पाण्याची धार सोडत होती, अगदी हलकी. मग तिने भाजीची सुरी फटीत घातली आणि जराशी उचलली. चुटकन आवाज झाला. तिने फडक्याने फळी पुसली, आणि तशीच बसून राहिली.

एकोजीराव आल्या पावली बोळातून बाहेर पडले. पुन्हा समुद्राकडे गेले आणि रोजच्या वेळेला घरी आले. ताटात काय वाढलं होतं ते त्यांना कळलं नाही. मुलीने त्या माणसासाठी आपल्याला फसवावं, तेही आपल्याच पडवीत, हे त्यांना सोसत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ते बसने गिंडीला गेले. कारखान्याच्या फाटकाशी मानाजी डबा खाऊन हात धूत होता. त्यांना पाहून तो दचकला.

"भवानीबाई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. तुम्ही आमच्या घरी कां येता, ते सरळ सांगा."

मानाजीने हात रुमालाला पुसले. "काका, सांधा कोण सोडवतं ते तुम्हाला कळलं का?"

"कळलं. तुम्हाला?"

"दुसऱ्या वेळीच शंका आली. हवा लागली तर अख्खी फळी फुगते. इथं सांध्यालगत बोटभर पट्टा फुगला होता. गरम पाण्याशिवाय तसं होत नाही. आधी मला वाटलं, तुम्हीच. मी येऊ नये म्हणून."

"मी?"

"पेपरआडून तुमची नजर सारखी पेटीवरच असते. पण तुम्ही असता, तर पेटीच फेकून दिली असती."

एकोजीरावांना राग आला.

"मी त्यांना लग्नाचं विचारलंय," मानाजी म्हणाला. "पहिल्या वेळी सरस लावला, त्याच दिवशी. त्या म्हणाल्या, पेटी पुरी होऊ द्या, त्या दिवशी सांगते. तेव्हापासून पेटी पुरी होत नाही. मी काय समजायचं? नाही म्हणायचं आहे आणि जीभ रेटत नाही, एवढंच ना? म्हणून मी परत परत जोडतो. मलाही ते उत्तर ऐकायची घाई नाही."

परतीच्या बसमध्ये एकोजीराव खिडकीशी बसले. ती त्या माणसाला बोलावण्यासाठी सांधा सोडवते असं त्यांनी धरलं होतं. पण तिला त्याला हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही म्हणता येत नव्हतं. कुणामुळे, हे विचारायला आता गिंडीला जायची गरज नव्हती.

भवानी शाळेतून आली तेव्हा ते पेटीजवळ खुर्ची घेऊन बसले होते.

"मी मानाजीरावांना भेटून आलो."

तिने पिशवी खाली ठेवली. "मला न विचारता?"

"तू बुधवारी मला विचारलं होतंस कां?"

ती पेटीजवळ आली. सुटलेला सांधा चाचपत म्हणाली, "मी गेले तर तुमचं कोण बघणार? ताप आला तर डॉक्टरवरही तुमचा विश्वास नाही."

"मी राहीन एकटा."

"आज म्हणता. उद्या त्यांच्यातही काहीतरी काढाल. मला माहीत आहे, अप्पा. इतकी वर्षं बघतेय."

हे ऐकून ते खूप दुखावले गेले, आणि खोटं आहे असं म्हणता येईना. शेवटी म्हणाले, "काढीन. माझा स्वभाव आहे. तू ऐकू नकोस. आधी ऐकलंस, ते पुरे झालं."

भवानीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे खरं बोलताहेत की हाही एक डाव, असं बघावं तसं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

रविवारी मानाजी आला. भवानीने ओला फुगलेला पट्टा रंध्याने साफ केला, कडा जुळवल्या. सुतळीचं एक टोक मानाजीने धरलं, दुसरं एकोजीरावांनी. सारखी भरेना, तेव्हा तिने वरच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून दाब दिला आणि पुन्हा मोजायला लावलं. मग दोरी पिळली. या वेळी ती वाळायची वाट बघायला तयार नव्हती. दोरी तशीच ठेवून तिने आतून पट्ट्या लावल्या आणि स्क्रू पिळायला घेतले.

"सरकेल," मानाजी म्हणाला.

"धरून ठेवा दोघांनी."

दोघांनी धरली. सरकली नाही. पुढची-मागची फळीही बिनफटीची बसली. शेवटचा स्क्रू बसल्यावर ती हात धुवायला गेली, आणि मानाजी निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत गेली. ती परत आली तेव्हा दिवे लागले होते.

"आडीचा अशुभ महिना संपल्यावर लग्न," ती म्हणाली. "आणि आपण अस्के, तिघंही, इथेच राहायचं. मी विचारलं त्यांना. लगेच सेरी म्हणाले."

एकोजीरावांनी मान हलवली. ती आत गेल्यावर मात्र ते बराच वेळ पडवीत उभे राहिले. चांगला कमावता माणूस सासऱ्याच्या घरी राहायला लगेच कसा तयार होतो, हे त्यांना कळेना. साताऱ्यात कुणी ओळखीचं आहे का, ते आठवायला त्यांनी सुरुवात केली. मग आत जाऊन भवानीला म्हणाले, मला वाढ, भूक लागली आहे.