कोंडाजीमामांनी मला तेल पाजलं

मी पुंजारामची सायकल बोलतेय. काळी, उंच, मागं रुंद कॅरिअर असलेली. तुमच्या आजोबांकडं होती ना, तसलीच.

माझा जन्म भट्टीतला. नंतर नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मला आढ्याला उलटं टांगलं होतं. जग मी पहिल्यांदा पाहिलं ते असं वरून. खालून जाणाऱ्या कुठल्या माणसाला टक्कल पडायला लागलंय, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. मी कुणाला सांगितलं नाही. पण गंमत वाटायची.

मग पुंजाराम आला. गिरणाऱ्याकडचा शेतकरी, सातपूरला कारखान्यात लेथवर नवा लागलेला. त्यानं मला खाली उतरवलं, टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि त्याला स्वतःला काही समजलं नसताना समजल्यासारखी मान हलवली. माणसं असंच करतात. बैल घेताना दात बघतात, सायकल घेताना टायर.

त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, माझ्या सीटला लाल लोकरीचं टोपडं विणलं. कारण कारखान्याच्या स्टँडवर आम्ही सगळ्या काळ्याच. पाळी सुटली की एकेक जण आपली खूण शोधत फिरायचा. कुणाच्या हँडलला गोंडा, कुणाच्या पुढच्या चाकाला पिवळं फडकं. माणूस आपली सायकल रुमालानं पुसतो आणि शेजारची वाटेत आली तर गुडघ्यानं सारतो. मी दोन्ही सोसलं.

आता खरी गोष्ट सांगते. ती पुंजारामच्या सासऱ्यांची, कोंडाजीमामांची.

मामांचं घर भंडारदरा धरणाच्या काठावर, उतारावरच्या एका वाडीत. पुंजारामनं शेत भावांकडं सोपवलं आणि कारखाना धरला, हे त्यांना कळलं त्या दिवशी ते म्हणाले, "मी पोरगी औतवाल्याला दिली हुती, भोंग्यावाल्याला नाय." आणि जावयाशी बोलणं बंद. शकुबाई माहेरी गेली आणि नवऱ्याचं नाव निघालं, की मामा उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे. बैल बिचारे पिऊन पिऊन फुगायचे.

सत्त्याहत्तर साली अधिक श्रावण आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आधीच्या वेळी बोलावणं आलं नव्हतं. या वेळी सासूबाईंनी, नवसाबाईंनी, मामांना न विचारता निरोप धाडला. शकुबाई वडिलांना दादा म्हणायची. निघायच्या आदल्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "आवंदा दादा तुमच्याशी बोलले तर ठीक. नाय बोलले तर मी पुन्हा माहेरची पायरी चढणार नाय."

पुंजारामनं माझ्या चाकात जास्तच हवा भरली.

सातपूरला शनिवारी सुट्टी, रविवारची पुंजारामनं रजा टाकली. शनिवारी उजाडताच निघालो. पुढं पुंजाराम, मागं कॅरिअरवर एका अंगानं बसलेली शकुबाई, तिच्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर घोंगडी. वाडीवऱ्हे गेलं, घोटी आलं. घोटीला चहा आणि मुरमुरे झाले. तिथून डावीकडं वळलो आणि डोंगर सुरू झाले. काळेकभिन्न, अंगावरून पाण्याच्या धारा सुटलेल्या. कळसूबाईनं तर डोक्यावरून ढगाचा पदर घेतला होता.

पुंजारामला धाप लागली होती, तरी त्याला ज्ञान सांगायचं होतं. कारखान्यातल्या इंजिनिअरकडून ऐकलेलं. हे सगळे डोंगर म्हणे जमिनीच्या पोटातून उकळून आले, रस वाहिला आणि थंड होऊन दगड झाला.

शकुबाई म्हणाली, "आमच्या दादांचं तेच. फक्त अजून थंड व्हायचेत."

मला मात्र बरं वाटलं. डोंगर आगीतला, मीही भट्टीतली. म्हणजे आमची सोयरीकच की. पण सोयऱ्यानं चढ काही कमी केला नाही. बारीच्या घाटात दोघं उतरले. पुंजाराम मला ढकलत होता आणि शकुबाई पुढं शेंगा खात चालली होती. मागं वळून म्हणाली, "कशी वाहनं असतात बाई, मालकालाच वाहायला लागतं."

वर पोचलो आणि पुढं धरणाचं पाणी दिसलं. डोंगरांच्या ओंजळीत धरल्यासारखं, धुक्याखाली गप्प. दोघंही पुन्हा माझ्यावर बसले. मग उतार. उतारभर माझे ब्रेक चींऽऽ करून केकाटत होते.

वाडीत शिरलो. मामा अंगणात उभे. त्यांनी जावयाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"सायकल, लय लांबून आलीस बाई," ते म्हणाले. "मालकाला सांग, पाय धुवायला पाणी काढलंय."

पुंजाराम काही कमी नव्हता. तोही मला म्हणाला, "सायकलबाई, मामांना सांगा, आलोच."

झालं. तिथून पुढं सगळा कारभार माझ्यामार्फत. पडवीत एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे सासरा-जावई. मामा मला विचारत, यंदा सातपूरकडं पाऊस कसा हाय. पुंजाराम मला सांगत, बरा हाय. मामा मला सांगत, धोंडा अजून एक घ्यायला सांग. पुंजाराम मला सांगत, पोट फुटंल. नवसाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "धोंडा जावयाला आणि गप्पा लोखंडाशी. असली येडी माणसं देवानं माझ्याच घरात धाडली." शकुबाई चुलीपाशी बसली होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मामा एकटेच उठून माझ्यापाशी आले. अधिक महिन्यात जावयाचा मान करायचा, हे त्यांना मान्य होतं. तोंड उघडायला मन तयार नव्हतं. मग तो मान त्यांनी माझा करायचं ठरवलं. पेंढ्याच्या चोळण्यानं मला घासलं, बैलाला घासतात तसं, कानामागून शेपटीपर्यंत. हळदकुंकू लावलं. मग चाक उचलून फिरवून पाहिलं, आणि ब्रेक दाबला.

चींऽऽ.

मामांचा चेहरा कळवळला. "अगं, अंग दुखतंय व्हय तुझं?"

त्यांनी जन्मात सायकल वापरली नव्हती. बैलगाडी वापरली होती. आणि बैलगाडीचा कायदा एकच, जिथं घासतं तिथं तेल. त्यांनी एरंडेलाची बुधली आणली आणि कोंबडीच्या पिसानं चेनला तेल दिलं. उत्तम. चाकाच्या आसाला दिलं. छान. मग ब्रेकच्या रबरांना दिलं. आणि रबरं जिथं टेकतात त्या चाकाच्या कडेला, गोल गोल फिरवत, अगदी मायेनं.

मी ओरडणार कशी? मला बोलता येतं ते तुमच्यापुढं. तिथं माझी घंटीसुद्धा कुणी वाजवल्याशिवाय वाजत नाही. आणि खोटं कशाला सांगू, पिसानं गुदगुल्या होत होत्या.

जेवणं झाली. जावयाला नवं धोतर दिलं, दिवा दिला. निघायची वेळ आली. मामा माझ्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, "सायकल, मालकाला सांग, जपून जा." आणि पाठ फिरवली.

शकुबाईनं आईला मिठी मारली. वडिलांच्या पाठीकडं एकदा पाहिलं. मग कॅरिअरवर येऊन बसली ती दगडासारखी. पाऊल उचलतानाच माहेरची पायरी तिनं सोडली होती. मला तिचं वजन माहीत होतं. त्या दिवशी ते जास्त लागलं.

वाडीचा रस्ता उताराचा. पुंजारामनं ब्रेक दाबला. माझ्याकडून काही आवाज नाही. पुन्हा दाबला. मी लोण्यावरून घसरल्यासारखी निघाले.

मागून शकुबाई म्हणाली, "अहो, दादांचा राग माझ्या हाडांवर काढू नका."

"राग नाय," पुंजाराम म्हणाला, "ब्रेक नाय."

खाली भातलावणी करणाऱ्या बाया कमरा सरळ करून बघायला लागल्या. समोर रस्ता उजवीकडं वळत होता, आणि वळणापुढं खडक, खडकाखाली पाणी. मागून धोतराचा सोगा खोचून मामा बांधावरून धावत होते. आधी ते मलाच सांगत होते, बैलाला थोपवतात तसं, हो, हो, हो. मी थांबू कशी? माझं ऐकायचं अंग त्यांनी सकाळीच गुळगुळीत केलं होतं.

मग मामांनी मला सोडलं आणि त्याला हाक मारली.

"पुंजाराम. डावीकडं घाल. खाचरात घाल. चिखल हाय, लागायचं नाय."

पुंजारामनं डावीकडं घातली. मी बांधावरून उडाले आणि चिखलात नाक खुपसून उभी राहिले. पुंजाराम माझ्यावरून पुढं गेला. शकुबाई तिथंच चिखलात बसली, कमरेपर्यंत, गाठोडं अजून मांडीवर.

मामा चिखल तुडवत आले. "जावईबापू, लागलं का हो?"

शकुबाईनं तोंडावरचा चिखल पुसला. "दादा, कुणाशी बोलताय?"

मामा थांबले. इकडं तिकडं पाहिलं. "जावयाशी. दुसरं कोण हाय हितं?"

लावणीच्या बाया हसायला लागल्या. मग शकुबाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

पुंजारामनं माझ्या चाकाला बोट लावलं, हुंगलं आणि सासऱ्याकडं पाहिलं.

"घासत हुतं ते," मामा म्हणाले.

"मामा, ते घासायलाच ठेवलंय."

मामांनी त्या रबरावर अंगठा घासून पाहिला. म्हणाले, "तुझ्या कारखान्यात असं उलटं आणिक काय काय असतं?"

"चला की. दाखवतो."

राखेनं आणि धरणाच्या पाण्यानं मला धुऊन काढलं. माझे ब्रेक पुन्हा केकाटले, तेव्हा मामांनी मान डोलावली. शकुबाई माहेरी राहिली, चांगली पोळ्यापर्यंत. तिच्या जागी मामा बसले, दोन्हीकडं पाय टाकून, माझं कॅरिअर घट्ट धरून. सातपूरच्या कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी भोंगा ऐकला. दुसऱ्यांदा होईपर्यंत थांबून ऐकला. म्हणाले, "एवढ्याशा आवाजावर मी अबोला धरला?"

पुढं पंच्याऐंशी साली पुंजारामनं मोपेड घेतली आणि मला मामांकडं पोचवलं. माझा रंग गेलाय, एक पायडल नुसता दांडा उरलाय. मामांना अजून चालवता येत नाही. कॅरिअरवर गवताचा भारा, हँडलवर त्यांचा हात, आणि आम्ही दोघं धरणाच्या कडेनं चालत घरी येतो. फटफटीवरून फिरायला आलेली पोरं म्हणतात, बसा की आजोबा वर. मामा म्हणतात, आधीच एवढा भारा हाय तिच्यावर, आणिक मी कशाला.

तुम्ही कधी त्या रस्त्यानं आलात आणि आम्ही दिसलो, तर एवढंच करा. मागून हॉर्न वाजवू नका. मामांना कमी ऐकू येतं, आणि मला वाट सोडायला त्यांच्याशिवाय जमत नाही. थोडं थांबा. पुढच्या वळणाला रस्ता रुंद होतो, तिथं आम्ही बाजूला होऊ.