गणनेत सुटलेलं खमीर

सरकारी माणसं त्या दुपारी गल्लीत जंतू सोडणार होती. निरुपद्रवी जंतू, असं पत्रकात छापलं होतं. उद्या कुणी विषारी हवा सोडली तर ती कशी पसरेल, हे आधी कळावं म्हणून ही चाचणी. शेजाऱ्यांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. पाववाल्याचा जीव मात्र एका बरणीत अडकला होता. तिच्यात आजोबांच्या वेळचं खमीर होतं; रोज थोडं काढायचं, रोज पीठ-पाणी घालून वाढवायचं. त्यात परका जंतू शिरला की संपलं.

बरणी पोटाशी धरून तो चाचणीच्या गाडीपाशी गेला.

"माणसांना, जनावरांना, झाडांना काही होत नाही," गाडीतले साहेब म्हणाले.

"आणि खमिराला?"

साहेबांनी कागद चाळले. खमिराचा रकानाच नव्हता.

"इतकं निरुपद्रवी आहे, तर तुम्ही का हो बंद गाडीत?" पाववाल्याच्या थोरल्या बहिणीने विचारलं.

"नियम आहे, ताई."

"चांगला आहे. मग बरणीलाही लावा."

साहेब मुळात देवमाणूस. त्यांनी बरणी आत घेतली आणि हवेतले जंतू मोजणाऱ्या यंत्राशेजारी ठेवली. आता बघा, गाडी उन्हात, काचा बंद, खमिराला आणखी काय हवं? ते फुगलं, वरचं फडकं ढकलून बाहेर आलं आणि थेट यंत्राच्या नळीत शिरलं. लाल दिवा लागला.

साहेबांनी आकडा पाहून फोन उचलला. "सर, आपण अजून सोडलेच नाहीत, आणि ते आलेत. कोट्यवधी."

पलीकडून हुकूम आला: चाचणी थांबवा, सापडेल ते जाळा.

पाववाल्याने काचेतून आत पाहिलं. "साहेब, ते आमचं आहे."

"जाळायचा हुकूम आहे हो." साहेबांचाही आवाज पडला होता.

ताईने पत्रक उलगडलं. "हद्दीतल्या प्रत्येक जिवाची आधी नोंद करू, असं तुम्हीच लिहिलंय. हे साठ वर्षं इथे राहतंय. नोंद कुणाची चुकली?"

साहेबांनी घाम पुसला आणि अहवालात लिहिलं: 'जुना रहिवासी गणनेत सुटला. जाळू नये. फेरगणना होईपर्यंत चाचणी स्थगित.'

"नाव काय लावू?"

"आडनाव आमचंच लावा."

पाववाल्याने दोन्ही हातांनी बरणी घेतली. तळाशी मूठभर उरलं होतं. त्याने काचेला कान लावला. आत एक बारीक बुडबुडा फुटला, तेव्हा कुठे देवाचं नाव घेत तो तिथेच फुटपाथवर बसला.