फरशीला तेल

माजलगावच्या मोंढ्यात महांतेशआप्पांचं भुसार दुकान आहे. त्याच्यावरच्या लांबोडक्या हॉलमध्ये पूर्वी तुरीची पोती असायची. आता पोरी असतात. "पोती बरी होती, गप तरी बसायची," असं आप्पांच्या आई शिवम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पण चार वाजता जिना चढणाऱ्या एकाही पोरीला त्यांनी हातावर शेंगदाणे ठेवल्याशिवाय वर जाऊ दिलं नव्हतं.

क्लास त्यांच्या सुनेचा, शिवकन्याचा. बॅलेचा. हा शब्द मोंढ्यात रुळायला वेळ लागला. हमाल मंडळी त्याला अजून 'टाचा उचलायचा क्लास' म्हणत, आणि शिवकन्याला त्यात काही चूक वाटत नसे. आप्पांची नोकरी पुण्यात होती तेव्हा ती एका बॅले क्लासमध्ये फोन उचलायला आणि फिया घ्यायला बसायची. तालमीच्या खोलीचं दार कायम उघडं. आधी ती नुसती बघत बसली, मग टेबलामागे उभी राहून पाय हलवू लागली, आणि शेवटी तिथल्या म्हाताऱ्या पारशी बाईंनी "हिसाब नंतर कर" म्हणत तिला दंडाला धरून आत ओढलं. स्टेजवर ती कधीच गेली नाही. माजलगावला परतल्यावर तिने भिंतीला कमरेच्या उंचीवर नळाचा लोखंडी पाईप ठोकून घेतला, सलूनवाल्याने काढून टाकलेले जुने आरसे आणून लावले आणि शिकवायला सुरुवात केली.

आता मुली भरपूर होत्या. पण एक गोष्ट शिवकन्याला आतून टोचायची. आपण शिकवतो ते बरोबर की चूक, हे सांगणारं शंभर कोसांत कोणी नव्हतं. पारशी बाई गेल्या. आईबाप टाळ्या वाजवत, पण ते तर पोरगी नुसती गोल फिरली तरी वाजवत.

म्हणून त्या निमंत्रणाने ती हरखली. वर्षातून एकदा जगभरच्या मोठमोठ्या बॅले कंपन्या आपल्या तालमीची दारं उघडतात. कार्यक्रम दाखवत नाहीत, मागचं दाखवतात. घामेजलेले नर्तक, फाटके मोजे, चुकलेली पावलं, बूट शिवत बसलेल्या नायिका. जग आपापल्या मोबाइलवर ते बघतं. मुंबईचं एक मंडळ यंदा त्यात लहान गावांतले क्लास जोडणार होतं आणि माजलगावला दहा मिनिटं मिळाली होती. "कार्यक्रम बसवू नका. रोज जे करता तेच दाखवा," मुंबईच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं.

शिवकन्याने मनाशी ठरवलं, त्या दहा मिनिटांत वैष्णवीची उडी दिसली पाहिजे. वैष्णवी क्लासमधली सगळ्यांत मोठी मुलगी. हॉलच्या एका कोपऱ्यातून पळत येऊन, हवेत दोन्ही पाय काटकोनासारखे नाही तर सरळ रेषेत पसरून, ती समोरच्या कोपऱ्यात अशी उतरायची की आवाज व्हायचा नाही. ज्यांना कळतं त्यांनी ती उडी एकदा बघावी. मग काय म्हणायचं ते म्हणोत.

शिवम्मांना मात्र हे सगळंच उलटं वाटलं.

"म्हंजे जगाला दाखवायचं काय?"

"सराव, आत्याबाई."

"कच्चा?"

"कच्चाच."

"पाव्हण्याच्या ताटात कच्ची भाकर वाढायली का तू?" शिवम्मा म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या परीने तयारी करायचं ठरवलं. सुनेला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

शिवम्मांच्या माहेरी मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की फरशीला करडीचं तेल लावायची रीत होती. शहाबादी फरशी एरवी राखाडी दिसते. तेल जिरलं की काळीभोर, ओली दिसते, माणसाचं तोंड त्यात उमटतं. शिवम्मांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी हेच झालं होतं आणि सासऱ्यांनी मुलीच्या आधी फरशीची तारीफ केली होती. आता तर अख्खं जग पाहुणं येणार. दुपारी शिवकन्या मुलींना लवकर सोडवून आणायला शाळेत गेली तशी शिवम्मांनी कामाच्या साखराबाईला हाक मारली. दोघींनी गुडघ्यावर बसून हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चोळून काढला. मग वैष्णवीच्या आजोबांना, बाजार समितीचे माजी चेअरमन धोंडीरामतात्यांना, फोन करून सांगितलं की सत्काराची शाल घेतली आहे, वेळेवर या.

तात्या वेळेच्या आधीच आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कपाळाला गंध. उंबऱ्यापाशी चपला काढल्या, आत पहिलं पाऊल टाकलं, आणि ते पाऊल त्यांना न विचारता पुढे निघून गेलं. दुसरं त्याच्यामागे. शिवकन्या आणि मुली शाळेतून येऊन त्यांच्यामागोमागच जिना चढल्या होत्या; त्यांतली वैष्णवी दोन ढांगांत पुढे झाली आणि तिने आजोबांना काखेत हात घालून तोलून धरलं. क्षणभर दोघं बॅलेतल्या जोडीसारखे उभे राहिले; एरवी शिवकन्याला कौतुक वाटलं असतं. पण तिची नजर फरशीवर गेली होती.

ती खाली वाकली, बोट फिरवलं आणि हुंगलं.

"आत्याबाई, हे काय केलंय?"

"चमकायलंय का न्हाई बघ," शिवम्मा म्हणाल्या. "पाव किलो तेल गेलंय."

रागवावं तर समोर सत्तरीची बाई गुडघे चोळत उभी, तोंडावर इतका आनंद की बघवत नव्हता. या फरशीवर उडी मारली तर पोरीचं मनगट तरी मोडेल नाहीतर गुडघा.

"तात्या पडता पडता राह्यले, आत्याबाई. पोरी नाचायच्यात ह्याच्यावर."

शिवम्मांनी फरशीकडं पाहिलं, मग तात्यांच्या पायांकडं. चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, दिसायला पाहिजे."

"उडी रद्द करू," आप्पा म्हणाले. मोबाइल धरायचं काम त्यांच्याकडे होतं. "पाईपाला धरून जे करतात तेवढंच दाखव. कोणाला कळायलंय?"

"ज्यांना कळतं त्यांच्यासाठीच दाखवायलोय ना," शिवकन्या म्हणाली. तिने ओढणी कमरेला खोचली. "खालून पीठ आणा. ज्वारीचं, बेसन, जे असंल ते. तेल सांडल्यावर काय करतो आपण?"

पोरी जिन्यावरून धावल्या. पीठ आलं, मुठीमुठीने पसरलं, हातांनी चोळलं. ते तेल पिऊन पिवळं पडलं आणि झाडूने काढलं. मग उकळतं पाणी आणि धुण्याची पावडर. मग साधं पाणी. साखराबाई, शिवम्मा, पोरी, सगळ्या ओळीने उकिडव्या बसून पुसत मागे सरकत होत्या. फरशी स्वच्छ झाली, पण पाय अजून निसटत होता.

"चिकट पाहिजे थोडी," शिवकन्या स्वतःशीच म्हणाली. पुण्यात पारशी बाई अशा वेळी बादलीत कोल्ड्रिंक ओतायच्या आणि त्याने फरशी पुसून घ्यायच्या. माजलगावात त्यासाठी टपरीपर्यंत जायचं कारण नव्हतं. गाळप सुरू झालं होतं, उसाचे ट्रॅक्टर खालून घरघरत होते, आणि दुकानात नव्या गुळाच्या ढेपी होत्या. "आप्पा, गूळ. फोडून गरम पाण्यात. पातळ करा, पाक नको."

गुळाचं पाणी बादलीत पडतंय तेवढ्यात आप्पांच्या हातातला मोबाइल वाजला. मुंबईच्या बाई. "तयार आहात ना? पुढची पाळी तुमची."

शिवकन्याने हॉलकडे पाहिलं. फरशी ओली, कडेला तेलकट पिठाचे ढीग. शालीची वाट बघत आलेले धोंडीरामतात्या एका कोपऱ्यात पायजमा वर खोचून बादली धरून उभे. वैष्णवीच्या नाकाला बेसन.

"तयार आहोत," ती म्हणाली. "आप्पा, धरा मोबाइल."

"अगं, ह्या सगळ्या पुसायल्यात की."

"मग तेच दाखवा."

आणि माजलगाव जगाला दिसलं ते असं, की एका लांब हॉलमध्ये बायकापोरींची एक रांग पाठमोरी, गुडघ्यावर, गुळाच्या पाण्याने फरशी पुसत मागे सरकते आहे. शिवकन्या मोबाइलसमोर आली. इंग्रजी आठवत बसली नाही. "हा आमचा क्लास," ती मराठीत म्हणाली. "आज फरशीला तेल लागलं होतं. ते काढायलोय. फरशी झाली की मुली उडी घेतील."

शिवम्मा न वळता मोठ्याने म्हणाल्या, "कोण बघायलंय आत्ता?"

"सगळं जग, आत्याबाई."

शिवम्मांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि अधिक जोरात पुसायला लागल्या.

पंखे लावले. फरशी वाळू लागली. पायाखाली चट् चट् आवाज यायला लागला, तसं शिवकन्याने वैष्णवीला कोपऱ्यात उभं राहायची खूण केली. मग तीच थबकली. फरशी आपण तपासली नाही, आणि पोरीला सोडायलोय? पुण्याच्या बाई आधी स्वतः त्या फरशीवरून जात, वयाच्या साठीत, आणि मगच मुलींना बोलवत.

"सरक," ती वैष्णवीला म्हणाली.

तिने सलवार वर केली आणि कोपऱ्यातून पळाली. मोबाइल चालू होता हे तिला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बघत होतं, आणि तिच्या डोक्यात फक्त उजव्या पायाखालची पकड होती. ती उडाली. पाय वैष्णवीइतके पसरले नाहीत. कंबर जुनी झाली होती. पण ती उतरली आणि फरशीने तिला धरलं. ती वळली, मोबाइलकडे नाही, वैष्णवीकडे.

"ये. मधल्या फरशीवर जोर दे, तिथं चांगली पकड हाय."

वैष्णवी आली. पळाली, हवेत उठली, आणि तो क्षण आला ज्यासाठी शिवकन्या इतके दिवस घसा कोरडा करत होती: वर गेल्यावर पोरगी किंचित थांबली. खाली आली तेव्हा फक्त गुळाचा चट् आवाज झाला.

"मान," शिवकन्या म्हणाली. "मान डावीकडं पडली. परत."

वैष्णवी परत कोपऱ्यात गेली. दुसऱ्यांदा मान जागेवर होती. तिच्यामागून दुसरी मुलगी, मग तिसरी. आप्पांनी हळूच सांगितलं, "संपलं. त्यांनी दुसरीकडं नेलं." मोबाइलवर आता कुठलातरी परदेशी हॉल दिसत होता आणि खाली मुंबईच्या बाईंचा मेसेज आला होता: दुसरी उडी मोठ्या बॅले कंपनीतल्यासारखी होती, पुढच्या वर्षीही हवी आहात.

शिवकन्याने तो वाचला, मोबाइल आप्पांना परत दिला. "मान पहिल्यांदाच नीट पाहिजे होती," ती म्हणाली, पण तिच्या ओठांवर काहीतरी आवरता न येणारं होतं.

कोपऱ्यात छोटी वर्षाराणी मोजे ओढत उभी होती. "ताई, माझी पाळी राह्यली."

"मग उभी कावून? ये की."

तात्या बादली ठेवून भिंतीपाशी उरलेल्या एकुलत्या धान्याच्या पोत्यावर बसले होते. शाल घडी न मोडता कोपऱ्यात पडून होती, सत्काराची आठवण कोणालाच नव्हती, त्यांनाही नाही. ते नातीचे पाय बघत होते. शिवम्मा हात पुसत सुनेजवळ आल्या.

"झालं का ते जगाचं?"

"कवाच झालं."

"मग ह्या कावून उड्या मारायल्यात अजून?"

"क्लास हाय आत्याबाई," शिवकन्या म्हणाली. "सहाला सुटतो."

शिवम्मा भिंतीपाशी गेल्या, पोत्यावर तात्यांना थोडं सरकायला सांगितलं आणि मांडी घालून बसल्या.